मेंदूतल्या पेशी, आजार आणि माणसांचा सहवास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेंदूविषयी लिहिणाऱ्या-बोलणाऱ्याला तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा भेटतात. काही व्हॉट्सॲपवरून आलेले, काही खरोखर काळजीपोटी विचारलेले. त्यांतले नेहमीचे इथे घेतले आहेत. औषधाचा सल्ला इथे मिळणार नाही, तो तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या.

मेंदूत पेशी किती? कुठे १०० अब्ज वाचतो, कुठे ८६ अब्ज.

चेतापेशी (न्यूरॉन) ८६ अब्ज, म्हणजे ८६०० कोटी, असं धरून चला. १०० अब्ज हा आकडा वर्षानुवर्षं एका पुस्तकातून दुसऱ्यात उतरत आला. त्यामागे धड मोजणी नव्हती. ब्राझीलच्या सुझाना हर्क्युलानो-हाउझेल यांनी मोजायची एक रांगडी पद्धत काढली. मेंदूचा तुकडा साबणासारख्या द्रावणात घोटायचा. पेशींची आवरणं विरघळतात, केंद्रकं शाबूत राहतात. पेशीला केंद्रक एकच, त्यामुळे नीट ढवळलेल्या द्रवाच्या थेंबात किती केंद्रकं आहेत ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचं आणि गुणाकार करायचा. माणसाचा आकडा २००९ साली आला, तोही चार पुरुषांच्या मेंदूंवरून. चारच मेंदू, हे लक्षात असू द्या.

यातल्या सुमारे ६९ अब्ज चेतापेशी डोक्याच्या मागच्या बाजूला असलेल्या लहान मेंदूत असतात. ज्या बाह्यकाचं, म्हणजे मेंदूच्या वरच्या घड्याघड्यांच्या थराचं, आपण एवढं कौतुक करतो त्याच्या वाट्याला १६ अब्ज येतात. चेतापेशी नसलेल्या पेशी जवळपास तेवढ्याच, ८५ अब्जांच्या घरात. त्या दहापट असतात असं अजूनही काही ठिकाणी शिकवतात, ते चूक आहे.

आपण मेंदूचा फक्त १० टक्के भाग वापरतो, हे खरं का?

नाही. मेंदूचं वजन शरीराच्या २ टक्के, पण तो ऊर्जा खातो २० टक्के. नव्वद टक्के भाग रिकामटेकडा असता तर एवढा खर्च परवडला नसता. अर्धांगवायूचा झटका आलेला माणूस घरात असेल, तर इवल्याशा जागेचा रक्तपुरवठा तुटला की काय काय जातं हे तुम्हाला कुणी सांगायला नको.

चेतापेशी सोडून उरलेल्या पेशी म्हणजे नुसता भराव का?

बराच काळ तसंच समजलं गेलं, आणि मला विचाराल तर मेंदूविज्ञानाची ती सगळ्यात महागात पडलेली समजूत आहे. या उरलेल्या पेशींना एकत्रितपणे ग्लिया म्हणतात. मुख्य प्रकार तीन.

ऑलिगोडेंड्रोसाइट चेतापेशींच्या लांब तंतूंवर मायलिन या स्निग्ध पदार्थाचे वेढे देतात, वायरीवर प्लॅस्टिकचं वेष्टण असतं तसे. त्यामुळे संदेश कितीतरी वेगाने जातो. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती याच वेष्टणावर उलटते. ॲस्ट्रोसाइटचे फाटे एका बाजूने रक्तवाहिनीला आणि दुसऱ्या बाजूने सिनॅप्सला, म्हणजे दोन चेतापेशींच्या सांध्याला, भिडलेले असतात. चेतापेशीला इंधन पोचवणं आणि सांध्यात सांडलेलं ग्लुटामेट हे संदेशवाहक रसायन उचलून घेणं ही त्यांची रोजची कामं.

तिसरा प्रकार मायक्रोग्लिया. स्पेनच्या पिओ देल रिओ-ओर्तेगा यांनी १९१९ साली चांदीच्या क्षाराचा नवा रंग वापरून त्या वेगळ्या दाखवल्या. त्या मुळात मेंदूच्या नव्हेतच. उंदराच्या गर्भात पाहिलं तर त्या गर्भाला जोडलेल्या पीतक कोश नावाच्या पिशवीत जन्मतात आणि मेंदू घडत असतानाच आत येऊन कायमच्या राहतात. हीच मेंदूतली स्थायिक प्रतिकारसेना. बाहेरून काही घुसलं तरच या जाग्या होतात असं मानलं जायचं. २००५ साली न्यूयॉर्क आणि हायडेलबर्गच्या प्रयोगशाळांनी जिवंत उंदराच्या कवटीचा भाग घासून पातळ केला आणि खास सूक्ष्मदर्शकातून आत पाहिलं. शांत बसलेली एकही दिसेना. पेशीचं अंग जागच्या जागी, पण तिचे बारीक फाटे अखंड हलत, लांबत, आखडत, आसपास चाचपत होते. लेझरने एक सूक्ष्म इजा केली, तर काही मिनिटांत आजूबाजूच्या सगळ्या मायक्रोग्लियांचे फाटे त्या जागेकडे वळले आणि तिला घेरून बसले.

या पेशी सिनॅप्स ‘खातात’ असं वाचलं. हे वाईटच ना?

उलट, योग्य वयात त्यांनी खाल्लेच पाहिजेत. बाळाच्या मेंदूत गरजेपेक्षा कितीतरी जास्त सिनॅप्स तयार होतात आणि मग छाटणी होते. कोणता सांधा काढायचा यावर खूण करायला मेंदू रक्तातल्या प्रतिकारयंत्रणेचीच ‘काँप्लिमेंट’ प्रथिनं वापरतो, हे बेथ स्टीव्हन्स आणि सहकाऱ्यांनी २००७ पासून दाखवत आणलं. खूण झालेला सांधा मायक्रोग्लिया गिळतात.

गोष्ट बिघडते ती छाटणी जास्त झाली किंवा भलत्या वयात पुन्हा सुरू झाली तर. २०१६ साली सी४ या काँप्लिमेंट जनुकाची काही रूपं छिन्नमनस्कतेचा (स्किझोफ्रेनियाचा) धोका वाढवतात असं आढळलं. हा आजार बहुधा कुमारवय सरताना डोकं वर काढतो, आणि बाह्यकातली छाटणीही तेव्हाच चालू असते. त्याच वर्षी अल्झायमरसारखा आजार घडवलेल्या उंदरांत प्लाक, म्हणजे पेशींबाहेरचे प्रथिनांचे थर, साचायच्या आधीच हीच यंत्रणा सांधे तोडायला लागलेली दिसली. एका जनुकाने आजार होतो असा याचा अर्थ कुणी काढू नये. सी४चा वाटा लहान आहे. पण ‘घरच्यांनी लाडावून ठेवलं म्हणून हे झालं’ असं म्हणणाऱ्या नातेवाइकांना एवढं ऐकवायला हरकत नाही.

अल्झायमरमध्ये मेंदूत साचलेलं काढून टाकलं की माणूस बरा होतो का?

होत नाही. निदान आजवर तरी.

१९०१ साली फ्रँकफर्टच्या रुग्णालयात ऑगस्ट डेटर ही ५१ वर्षांची बाई दाखल झाली. अलॉइस अल्झायमर यांनी तिच्याशी झालेली बोलणी नोंदवून ठेवली. १९०६ मध्ये ती गेली, आणि तिच्या मेंदूच्या कापांत त्यांना पेशींबाहेर साचलेले प्लाक आणि पेशींच्या आत पीळ पडलेले तंतू दिसले. ग्लियातले बदलही त्यांनी टिपले होते. त्या तिसऱ्या निरीक्षणाकडे पुढे फारसं कुणी वळलं नाही. २०१३ साली ट्रेम२ या जनुकातला एक दुर्मीळ फरक अल्झायमरचा धोका सुमारे तिप्पट करतो असं कळलं. हे जनुक मेंदूत मुख्यतः मायक्रोग्लियांत चालतं, म्हणून सगळ्यांची मान पुन्हा तिकडे वळली.

आता औषधाचं. लेकॅनेमॅब हे प्लाक साफ करणारं प्रतिपिंड अमेरिकेत २०२३ मध्ये मंजूर झालं. प्लाक खरोखर घटतात. १८ महिन्यांच्या चाचणीत ऱ्हासाचा वेग २७ टक्क्यांनी कमी झाला. ऐकायला मोठं वाटतं, पण १८ गुणांच्या मापनश्रेणीवर हा फरक अर्ध्या गुणाहूनही कमी भरतो. घरच्या माणसाला तो जाणवेलच असं नाही, आणि मेंदूला सूज येणं किंवा बारीक रक्तस्राव होणं हा धोका आहेच. मूळ कारणाला हात घालणारी औषधं येऊ लागली, याचा आनंद मलाही आहे. फक्त ‘अल्झायमरवर मात’ असे मथळे दिसले की वैताग येतो.

कंपवातात (पार्किन्सन्समध्ये) कोणत्या पेशी मरतात? खाजकुइलीच्या बियांचं चूर्ण चालेल का?

मध्यमेंदूत एक काळसर पट्टा असतो, साध्या डोळ्यांनीही दिसणारा. तिथल्या डोपामिन हे संदेशवाहक रसायन बनवणाऱ्या पेशी कमी होत जातात. हात थरथरायला लागतो तोवर त्यांतल्या पुष्कळ गेलेल्या असतात. उरलेल्या पेशींत अल्फा-सिन्युक्लिन या प्रथिनाचे गोळे सापडतात.

खाजकुइलीचं म्हणाल तर तो वेडगळ प्रश्न नाही. तिच्या बियांत एल-डोपा, म्हणजे ज्यापासून मेंदू डोपामिन बनवतो ते द्रव्य, असतं आणि ते वेगळं काढून दाखवलं ते भारतीय संशोधकांनीच, १९३७ साली. हेच द्रव्य पुढे कंपवाताचं मुख्य औषध ठरलं. अडचण मात्रेची आहे. चूर्णात ते किती उतरेल याचा भरवसा नाही, आणि गोळ्या चालू असताना वरून चूर्ण घेतलं तर मात्रा दुप्पट होऊन अंग वेडंवाकडं हलायला लागू शकतं. घेत असाल तर न्यूरॉलॉजिस्टपासून लपवू नका. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. नव्याने निदान झालं असेल तर तिथल्या जुन्या शुभंकर-शुभार्थींशी, म्हणजे काळजी घेणाऱ्यांशी आणि रुग्णांशी, जरूर बोला.

एकटं राहिल्याने पेशींवर खरंच परिणाम होतो, की ही नुसती पेपरातली बातमी?

होतो. या पानावरचा हा मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर.

२०१२ साली दोन प्रयोग प्रसिद्ध झाले. पहिल्यात उंदराची पिल्लं दूध सुटल्या सुटल्या दोन आठवडे एकेकटी ठेवली. खायला-प्यायला सगळं, फक्त सोबत नाही. त्यांच्या मेंदूच्या पुढच्या भागातल्या ऑलिगोडेंड्रोसाइटना फाटे कमी फुटले, मायलिन पातळ राहिलं. नंतर इतर उंदरांत सोडूनही हे भरून निघालं नाही. दुसरा प्रयोग मोठ्या उंदरांवर होता. काही आठवडे एकटं ठेवल्यावर त्यांचंही मायलिन कमी झालं, पण कळपात परत गेल्यावर सुधारलं. म्हणजे सोबत तुटण्याचा परिणाम चेतापेशीवरच होतो असं नाही, तिच्या वेष्टणावरही होतो, आणि तो कोणत्या वयात झाला यावर पुढचं पुष्कळ अवलंबून असतं.

माणसाच्या मुलांवर असा प्रयोग कोण करील? चाउशेस्कूच्या राजवटीने रोमानियात अनाथालयं मात्र खच्चून भरून ठेवली होती. तिथे २००० साली बुखारेस्टमध्ये १३६ लहानग्यांचा अभ्यास सुरू झाला. चिठ्ठ्या टाकून अर्ध्या मुलांना पालनकर्त्या कुटुंबांत पाठवलं, बाकीची होती तिथेच राहिली. आठेक वर्षांची झाल्यावर त्यांचे एमआरआय काढले. संस्थेतच राहिलेल्या मुलांच्या मेंदूतला पांढरा, म्हणजे मायलिनने भरलेला भाग कमी होता; घरांत गेलेल्या मुलांमध्ये तशी घट दिसली नाही. करडा भाग मात्र दोन्ही गटांत कमीच राहिला. प्रेमाने सगळं भरून निघतं असं म्हणायला आपल्याला आवडतं. इथे काही भरून निघालं, काही नाही.

प्रौढांचं काय? २०२० साली एमआयटीत ४० जणांना एक दिवस १० तास एकट्याने बसवलं, फोनसुद्धा काढून घेतला. दुसऱ्या एका दिवशी १० तास उपाशी ठेवलं. उपासानंतर जेवणाचे फोटो पाहताना मध्यमेंदूचा जो भाग उसळला, तोच एकांतानंतर हसत-खेळत असलेल्या माणसांचे फोटो पाहताना उसळला.

एक भेद मात्र विसरू नये. एकटं राहणं आणि एकाकी वाटणं या दोन गोष्टी आहेत. मुलं परदेशात आणि आई इथे फ्लॅटमध्ये एकटी, पण सकाळचा कट्टा, भिशी, भजनी मंडळ चालू, असं असेल तर तिची काळजी करण्यापेक्षा भरल्या घरात कुणी विचारत नसलेल्या आजोबांची करा. पिंजऱ्यातल्या उंदराला यातलं काहीच सांगता येत नाही.

एकदाच बसलेल्या मोठ्या धक्क्यानेही मेंदू बदलतो?

बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवविज्ञान संशोधन संस्थेत सुमंत्र चट्टर्जी यांच्या गटाने हे फार नेमकं दाखवलं. रोज दोन तास असे १० दिवस घुशींना जखडून ठेवलं, तर स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पसमधल्या चेतापेशींचे फाटे आखडतात. भीतीशी निगडित अमिग्डलामध्ये मात्र ते वाढतात. पुढे २१ दिवस विश्रांती दिली. हिप्पोकॅम्पस सावरला. अमिग्डला नाही सावरली. आणखी एका प्रयोगात ताण एकदाच, दोन तास दिला. दुसऱ्या दिवशी काहीच दिसलं नाही. दहाव्या दिवशी अमिग्डलातले सांधे वाढलेले होते आणि घुशी बिचकत होत्या. अपघातानंतर ‘तेव्हा काही वाटलं नाही, आता रात्री दचकून जाग येते’ असं सांगणाऱ्याला खोटं पाडू नका.

मुंबईत कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये विदिता वैद्य यांचा गट बालवयातल्या ताणावर काम करतो. पिल्लाला जन्मानंतर सुरुवातीच्या दिवसांत आईपासून रोज थोडा वेळ दूर ठेवलं, तर मोठेपणी त्याचा घाबरटपणा आणि सेरोटोनिन या मनःस्थितीशी निगडित रसायनाची यंत्रणा कशी बदलते, हा त्यातला एक धागा.

मिरर न्यूरॉनमुळेच आपल्याला दुसऱ्याचं दुःख कळतं ना?

एवढं सिद्ध झालेलं नाही. इटलीत पार्मा इथे रिझोलात्ती यांच्या गटाला १९९०च्या सुमारास माकडात काही पेशी अशा सापडल्या, की माकडाने स्वतः वस्तू उचलली तरी आणि समोरच्या माणसाने उचललेली पाहिली तरी त्या चेतत. शोध अस्सल. त्यावर संस्कृती, भाषा, करुणा, स्वमग्नता (ऑटिझम) असे मजल्यावर मजले चढले ते मात्र तकलादू. स्वमग्न व्यक्तींचे मिरर न्यूरॉन ‘मोडलेले’ असतात हे गृहीतक चाचण्यांत टिकलं नाही. व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरात हा शब्द आला की पैसे परत मागावेत असं माझं मत.

ऑक्सिटोसिनचा स्प्रे मारला की माणूस मिसळायला लागतो?

गोठ्यात म्हशीने पान्हा सोडावा म्हणून चोरून टोचतात तेच हे द्रव्य. प्रेअरी व्होल हे जोडीने राहणारे उंदीरवर्गी प्राणी, त्यांच्यावरून याला प्रेमाचं संप्रेरक अशी कीर्ती मिळाली. २०२३ साली ऑक्सिटोसिनचा संदेश पकडणारं पेशीवरचं प्रथिन (रिसेप्टर) नसलेले व्होल तयार केले, तर तेही जोडी जमवून मोकळे झाले. स्वमग्न मुलांवरच्या २०२१च्या मोठ्या चाचणीत नाकातल्या स्प्रेने सामाजिक वागणुकीत फायदा दिसला नाही.

समोर कोण आहे हे पेशीला कळतं?

एका अर्थी हो. हिप्पोकॅम्पसमध्ये सीए२ नावाचा चिंचोळा पट्टा आहे. २०१४ साली उंदरांत तो बंद पाडला, तेव्हा बाकी स्मृती जवळजवळ शाबूत राहिली, पण कालच भेटलेल्या उंदराला ते अनोळखी असल्यासारखं हुंगत बसले.

पुण्याच्या आयसर संस्थेत राघव राजन झेब्रा फिंच या पक्ष्याच्या गाण्यावर काम करतात. या पक्ष्याची एक जुनी गंमत आहे. नर एकटाच गात असला तर मेंदूच्या एका भागातल्या पेशींत एक विशिष्ट जनुक जोरात चालतं. मादीसमोर गाताना तेच जनुक जवळपास गप्प. गाणं तेच, गळा तोच, फक्त श्रोता बदलला.

मूल स्वमग्न झालं त्यात आईचं काही चुकलं का? लस कारणीभूत असते का?

दोन्ही नाही. आईला दोष देणारा सिद्धांत केव्हाच मोडीत निघाला. लशीचा संबंध लावणारा १९९८चा लेख नियतकालिकाने २०१० साली मागे घेतला. जनुकांचा वाटा मोठा आहे आणि त्यांतली बरीच जनुकं, उदाहरणार्थ शँक३, सिनॅप्सच्या बांधणीशी संबंधित आहेत.

म्हातारपणी नवीन चेतापेशी तयार होतात का?

बाह्यकात नाही. हिप्पोकॅम्पसवरून भांडण आहे. स्वीडनच्या योनास फ्रिसेन यांनी यासाठी अणुबाँबच्या चाचण्यांचा उपयोग करून घेतला. १९५०च्या दशकात आणि पुढे १९६३च्या बंदीपर्यंत हवेतल्या स्फोटांनी वातावरणात कार्बन-१४ वाढवला, मग तो हळूहळू उतरत गेला. पेशी ज्या वर्षी जन्मते त्या वर्षीचा कार्बन तिच्या डीएनएत कोरला जातो. त्यावरून त्यांनी २०१३ साली हिशोब मांडला: प्रौढपणीही एका हिप्पोकॅम्पसमध्ये रोज सुमारे ७०० नव्या चेतापेशींची भर पडते. २०१८ साली एका गटाने प्रौढांत एकही सापडली नाही असं म्हटलं, त्याच वर्षी दुसऱ्याने ७९ वर्षांपर्यंत सापडल्याचं. २०२५ मध्ये फ्रिसेन यांच्या गटाने प्रौढ मेंदूत विभागणाऱ्या पूर्वज पेशी दाखवल्या. मला पारडं ‘होतात, पण थोड्या’ या बाजूला झुकलेलं दिसतं. पेशी वाढवायच्या गोळ्या विकणाऱ्यांना यातलं काही लागू नाही.

झोपेत मेंदू धुतला जातो म्हणे?

२०१३ साली उंदरांत तसं दिसलं आणि जगभर गाजलं. २०२४ साली लंडनच्या एका गटाने उंदरांतच उलटं मोजलं, झोपेत निचरा कमी होतो असं. वाद चालू आहे. झोप हवीच, पण या एका कारणासाठी नको.

मग आईवडिलांसाठी नेमकं काय करू?

भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना, डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असल्याचा अंदाज आहे. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली टाळता येण्याजोगे १४ धोके मोजले आणि जगभरातला जवळपास ४५ टक्के डिमेन्शिया त्यांच्याशी जोडला. रक्तदाब, मधुमेह, तंबाखू ही मंडळी यादीत असणारच. मी बोट ठेवीन ते श्रवणदोषावर. ऐकू येत नाही म्हणून माणूस बोलण्यातून बाजूला होतो, लग्नकार्यात कोपऱ्यात बसतो, मग जाणंच सोडतो. यादीत श्रवणदोष आणि सामाजिक तुटलेपण हे दोन वेगळे धोके आहेत. घरात ते एकापाठोपाठ एक येतात. कानाचं मशीन ‘शिट्टी वाजते’ म्हणून डबीत पडलं असेल तर दुकानात नेऊन नीट बसवून घ्या. सोबत जा, एकटे जाणार नाहीत ते. मन फारच खचलं असेल तर सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे.

सगळं उंदरांवरच. माणसाचा मेंदू कुणी पाहतं का?

शंका रास्त आहे. उंदराला अल्झायमर आपसूक होत नाही, माणसाची सदोष जनुकं घालून तो घडवावा लागतो. माणसाची ॲस्ट्रोसाइटही उंदराच्या दुपटीहून रुंद असते. म्हणून अपस्माराच्या शस्त्रक्रियेत काढाव्या लागलेल्या तुकड्यांना मोल आहे. अशाच एका तुकड्यातला एक घन मिलिमीटर हार्वर्ड आणि गूगलने २०२४ साली नकाशाबद्ध केला: सुमारे ५७ हजार पेशी, १५ कोटी सिनॅप्स. त्याच वर्षी आयआयटी मद्रासने गर्भावस्थेतल्या मानवी मेंदूंच्या ५१३२ कापांचा ‘धरणी’ हा संच सगळ्यांसाठी खुला केला. घरी संगणकावर बघता येतो.

मेंदूदान करता येतं का?

येतं. बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू आणि मनाच्या आजारांच्या संस्थेत १९९५ पासून मानवी मेंदूपेढी आहे. निरोगी मेंदूही लागतात. तुलनेला नसतील तर आजारी मेंदूत काय बिघडलं ते कळणार कसं? मृत्यूनंतर काही तासांत हालचाल करावी लागते आणि घरच्यांची संमती लागते, म्हणून इच्छा असेल तर जिवंतपणीच घरात बोलून ठेवा. तिथे मेंदूचं संग्रहालयही आहे. हातमोजे घालून जतन केलेला खरा मेंदू हातात धरायला मिळतो. बंगळुरूला जाणं झालं तर आधी वेळ विचारून घ्या आणि शाळकरी मुलं असतील तर त्यांनाही न्या.